जैनथची अमानत

भाऊजी, आधी शेवंताआत्याचं नाव घेतो, तुमचं नंतर. राग आला तर येऊ द्या. जैनथच्या बाजारात वांगी-कोथिंबीर विकणारी तुमची सख्खी आत्या. फोनचं हिरवं बटण दाबायचं की लाल, हे तिला अजून विचारावं लागतं. तिनं माझी चिमी मला परत दिली. म्हणजे पोरगी तामसीला सुखरूप आहे, तिला काही झालं नाही. पण मी इकडे मस्कतात असताना ती जन्मली, रांगली, चालायला लागली, बोलायला लागली. ते मी ज्या व्हिडिओंमधून पाहिलं, ते सगळे गेल्यात जमा होते. ते आत्यामुळे मिळाले. तुमच्यामुळे तर ते मिळता मिळता राहिले होते. तुम्हाला जाऊन अजून महिना नाही झाला आणि मी हे बोलतोय, ताई रागावेल. पण तुमचं माझं बोलणं दुसऱ्या कोणत्या सुरात झालं होतं कधी?

शुक्रवारी माझी सुट्टी. आठवडाभर लॉन्ड्रीत चादरींच्या वाफेत उभं राहायचं आणि शुक्रवारी घरी फोन लावायचा. तुम्ही उचलायचात आणि पहिला शब्द:

"साळेबुवा, बॅकअप?"

"भाऊजी, ताई कशी हाये ते तं सांगा आधी."

"ताई मजेत. तुमच्या फोनचं सांगा. चिमीचे नवीन व्हिडिओ आले ते मले पाठवले का नाही?"

"पाठवतो ना. कामावरून आत्ता आलो."

"फोन काय तुमचा थकवा पाहून बंद पडते का?"

किराणा दुकानदार माणूस तुम्ही. तुरीची डाळ, तेल, साबण विकायचं सोडून हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून शिरलं ते साऱ्या आदिलाबादला ठाऊक आहे. तुमची पोरगी प्रणिता लहान असतानाचे सगळे फोटो तुमच्या जुन्या कम्प्युटरसोबत गेले. त्यानंतर तुम्ही लोकांना साखर बांधून देता देता विचारायला लागलात, घरचे फोटो कुठं ठेवता म्हणून. गिऱ्हाईक हसायचं. मी नाही हसलो. मी मुळातच भित्रा. खोलीतून निघालो की दार लावलं का ते पाहायला परत येणारा. तुम्हाला असाच माणूस पाहिजे होता.

सातवीत शाळा सोडलेल्याला तुम्ही धडा दिलात, आणि मास्तरपेक्षा बरा दिलात, हे कबूल. म्हणालात, "आधी वेगळं काढा, काय गेलं तं रडाल. सिनेमे गेले तं रडाल का?"

"नाही."

"सकाळची फुलं, देवाचे फोटो, लोकाईनं पाठवलेले सुविचार?"

"नाही."

"मंग त्याले काऊन सांभाळून राह्यले? ते काढून टाका. राह्यलं ते तीन जागी ठेवाचं. एक कम्प्युटरमधी, एक डबीत, अन् दुसरी एक डबी परगावी. घराले आग लागली, पाणी शिरलं, चोर आला, तं घरातलं दोन्ही संगंच जाते. परगावचं वाचते."

डबी म्हणजे हार्ड डिस्क. तुम्ही तिला कधी हार्ड डिस्क म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही. आणखी तुमचे नियम होते. डबी काम झालं की वायरीवरून काढायची, लटकत ठेवायची नाही. परगावची डबी दर सणाला घरी आणायची, नवीन भरायचं, परत नेऊन ठेवायची. आणि कॉपी केली म्हणजे झालं असं समजायचं नाही, उघडून पाहायची. तुम्ही तर फोनवर मला पुरावा द्यायचात. मधूनच कोणता तरी व्हिडिओ लावायचात आणि म्हणायचात, "ऐका, चिमी शिंकली. ऐकलं? जित्ती हाये डबी."

आपलं एक भांडण राहूनच गेलं. माझ्या खोलीतली पोरं सगळं इंटरनेटवर ठेवतात. बटण दाबलं, झालं. मी तुम्हाला किती वेळा सांगितलं.

"ते भाड्याचं घर हाये, साळेबुवा. फुकटची जागा भरली की मालक म्हणते, भाडं टाका नाही तं सामान उचला."

"तुमी तं सोता भाड्याच्या गाळ्यात बसून राह्यले!"

तुम्ही फोन ठेवून दिला होतात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "साळेबुवा, बॅकअप?" जसं काही झालंच नाही. मी अजूनही म्हणतो की मी बरोबर होतो. प्रणिता म्हणते, "मामा, इंटरनेटवर असतं तरी बाबांच्या फोनचं कुलूप कोणाले माहीत हाये? तेही आतच अडकलं असतं." तुमची पोरगी तुमचीच बाजू घेणार.

परगाव कोणतं यावरही किती घोळ घातलात तुम्ही. आमचं तामसीचं घर तुम्हाला चाललं नाही. उंदरं आहेत म्हणालात. माझ्या बायकोसमोर, सुमनसमोर म्हणालात, ती अजून विसरली नाही. शेवटी जैनथ ठरलं, शेवंताआत्याकडे. मला धसका. मी म्हटलं, पैनगंगा जवळ आहे, पूर आला तर? तुम्ही हसलात. "आत्याचं घर टेकाडावर हाये. तिथवर पूर आला तं डबीची काळजी कोण करीन, नाव शोधा लागंन."

आणि मग तुम्ही तो एक शब्द वापरलात. ताई तिथं होती, तिनं मला सांगितलं. आत्यानं डबी उलटीपालटी करून पाहिली.

"हे काय होय रे गजा? तंबाखूची डबी?"

"नाही आत्या. अमानत समज. मी सोता येईन तवाच माह्या हाती देजो. दुसऱ्या कोणाले देजो नोको. कोणी काही म्हणो."

ठेव म्हणायचं होतं ना भाऊजी! सामान म्हणायचं होतं, वस्तू म्हणायचं होतं. 'जरा सांभाळ' म्हणायचं होतं. आत्याचे वडील म्हणजे निजामाच्या काळात गावचं वतन सांभाळणारे. त्या घरात अमानत हा शब्द गमतीनं बोलत नाहीत. आत्यानं डबी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, भोवती कडुनिंबाचा वाळला पाला घातला, जसा ज्वारीत घालतात, आणि उडदाच्या डब्यात ठेवून दिली. तुम्ही जायचात तेव्हा काढून तुमच्या हाती द्यायची. परत आणून दिली की पाला बदलायची. तुम्ही खूष. मला फोनवर सांगितलंत, "बँकेच्या लॉकरची काही गरज नाही, साळेबुवा. आत्या हाये."

माझा फोन भरला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "माह्याकडं तीन जागी हाये, तुमी बिनधास्त काढून टाका, जागा करा." मी काढून टाकलं. तुमचं ऐकायची सवय लागली होती.

मग आली खंडेनवमी. दुकानातला तराजू, मापं, कात्री, पोती शिवायची सुई, सगळं पाटावर मांडलंत. हळदकुंकू वाहिलं. आणि कोणाला सुचेल असं? डबीलाही पाटावर बसवलंत. "हे पण हत्यारच हाये," म्हणालात. तेही चाललं असतं. पण त्या वेळी तिच्यात नवे व्हिडिओ भरत होते, वायर कम्प्युटरला लागलेली. लटकत ठेवायची नाही म्हणून मला दम भरणारे तुम्ही! ताईनं तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडलं, तांब्या कलंडला, पाणी पाटावरून विजेच्या बोर्डात. चट् आवाज झाला म्हणे, आणि मग जळका वास. डबीही गेली, कम्प्युटरही गेला. ताई म्हणते तुम्ही मांडलंत. तुम्ही म्हणायचात तिनं सांडलं. ते भांडणही मिटलं नाही, आणि आता ती बिचारी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडते.

त्या दिवशी ऐकल्याबरोबर मी फोन लावला. सुमनचा फोन आधीच चिमीनं बैलांच्या हौदात टाकलेला. मी म्हटलं, "भाऊजी, आता?"

"आता काय? आता तुमाले समजलं ना, परगावची कापी कशाले म्हणतात? दिवाळी होऊ द्या. नवीन डबी आणली. जैनथले जातो अन् घेऊन येतो. मी हावो ना."

आवाजात आनंद होता तुमच्या. घरात जळका वास येतोय आणि माणूस आपला नियम खरा ठरला म्हणून खूष. दिवाळी तुम्ही पाहिली नाही.

मला सुट्टी मिळाली नाही. तुम्हाला फोनच्या पडद्यात निरोप दिला, तोही अडकत अडकत. इस्त्रीचं यंत्र माझ्या मागे फुसफुसत होतं. तुमच्या अंत्ययात्रेला आलेल्या प्रत्येकानं म्हणे तोच विनोद केला, की गजाननशेठनं सगळ्याचा बॅकअप ठेवला, सोताचाच नाही ठेवला. ऐकून ऐकून ताईनं कान झाकून घेतले. मलाही कंटाळा आला. इतकी वर्षं तुमच्या दुकानात साखर घेतली, निदान विनोद तरी वेगवेगळे आणायचे.

मग प्रणिता जैनथला गेली. आत्याच्या ओसरीवरून तिनं मला व्हिडिओ कॉल लावला, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. आत्या वांग्यांची देठं निवडत बसली होती.

"आत्याआजी, बाबांची डबी पाहिजे व्हती."

"नाही देत, बाई."

"आत्याआजी, बाबा गेले ना."

"म्हणूनच देत नाही. जित्ता असता तं फोन लावून इचारलं असतं, देऊ का म्हणून. आता कोणाले इचारू?"

प्रणिता "अय्यो" म्हणाली आणि फोन आत्याकडे वळवला. मी हात जोडले.

"आत्या, मी तामसीचा. गजाभाऊंचा साळा."

"ओळखते ना. तुह्या लग्नात जेवली मी. वांग्यात मीठ कमी व्हतं."

"आत्या, त्या डबीत माही पोरगी हाये."

"पोरगी डबीत कशाले राहीन? तामसीले हाये ना?"

"फोटो आत्या, व्हिडिओ. तिचं लहानपण. माह्याजवळ काहीच नाही राह्यलं."

तिनं देठं निवडणं थांबवलं. माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, पाहिलं. "तुह्यं समजते मले," म्हणाली. "पण अमानत ज्यानं देली त्याच्याच हाती जाते. मेला म्हणून सबूद बदलत नाही. उलट आता तं तो येऊन मले माफ बी करू शकत नाही."

भाऊजी, तुमचा राग आला, इतका आला की मी फोन उशीवर आपटला. आग, पाणी, चोर, उंदीर, सगळ्याचा विचार केलात. दुसऱ्या माणसाचं एक नाव सांगून ठेवायला काय झालं होतं? 'मी नसलो तं प्रणिताले देजो.' झालं असतं. पण तुम्ही नसलात असा दिवस तुमच्या नियमात बसतच नव्हता.

मग माझ्या डोक्यात किडे सुरू झाले. कडुनिंबाच्या पाल्यात डबी जिवंत आहे का मेली? उघडून पाहिल्याशिवाय समजत नाही, तुम्हीच सांगितलेलं. आत्या कोणाला उडदासोबत देऊन तर टाकणार नाही? काम करता करता मी चिमीचं रांगणं आठवायचा प्रयत्न करायचो. गुडघे टेकून रांगायची की एक पाय ओढत? सांगता येईना. स्वतःच्या पोरीचं, आणि सांगता येईना. सुमनला विचारायची लाज वाटली.

तेरवीच्या दिवशी कोणी बोलावणं न पाठवता आत्या सकाळच्या बसनं आदिलाबादला आली. स्वयंपाकासाठी टोपलीभर वांगी आणि काखेत उडदाचा डबा. मी फोनवर होतो, प्रणितानं फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. आत्यानं वांगी आत पाठवली आणि सरळ तुमच्या फोटोपुढं येऊन बसली. डबा उघडला. फडकं सोडलं, पाला झटकला.

"घे गजा. तू आला नाही, मंग मीच आली. उलटून पाह्य, नीट हाये का. माही जिम्मेदारी सरली."

डबी तिनं फोटोला टेकवून ठेवली. मोठ्यानं लहानापुढं हात जोडायचे नसतात, म्हणून काचेवर, तुमच्या डोक्याच्या जागी, हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. ताई दारात उभी, हाताला पीठ.

प्रणिता पुढं झाली आणि डबी उचलायला गेली, तर आत्यानं तिचं मनगट धरलं.

"थांब. आता ते त्याची हाये. त्याले इचारून घे."

प्रणिता डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, अशा गोष्टींना हसते. पण ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, घेऊ?"

तुम्ही काय बोलणार! आम्ही सगळे वाट पाहत राहिलो मात्र. खरंच वाट पाहिली. शेवटी आत्याच म्हणाली, "नाही म्हणला नाही. घे."

मी मस्कतात लॉन्ड्रीच्या मागच्या जिन्यावर बसून होतो. रडलो म्हणून कोणाला कळू नये, म्हणून चादरीत तोंड घातलं. त्या चादरी तशाही ओल्याच असतात.

तुमची पोरगी तुमच्यावर गेली आहे. मी इकडं घायकुतीला आलो आणि ती म्हणते, "आधी कापी, मामा. पाहणं मग." मैत्रिणीचा लॅपटॉप आणला, तुम्ही आणलेली नवी डबी फोडली, सगळं उतरवून घेतलं, काढता-घालता वायर नीट पाहिली, आणि मगच एकेक उघडलं. सगळं होतं. चिमी एक पाय ओढत रांगायची. उजवा.

आणि तिचा पहिला शब्दही होता, म्हणजे असायला पाहिजे. घरात ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर ती बसली आहे, केसांत कापूस, सुमन व्हिडिओ काढतेय, चिमी तोंड उघडते, आणि बरोबर तेव्हा तुम्ही: "सुमनबाई, मोबाईल आडवा धरा! आडवा! उभा टीव्हीवर बारका दिसते!" पोरीचे ओठ हलतात, ऐकू तुम्ही येता. हे मी तेव्हाही बोललो होतो आणि तुम्ही म्हणाला होता, मूळ कॉपी हाये ना, पुढं आवाज साफ करून घेऊ. प्रणिता म्हणते, करता येईल बहुतेक, तुमचा आवाज काढून टाकता येईल.

मी तिला म्हटलं, राहू दे सध्या.

आत्या जेवून लगेच गेली नाही. दुपारभर लॅपटॉपसमोर बसली. तुमचं दुकान दिसलं, दुकानासमोर निजणारं कुत्रं दिसलं, कापसाच्या मार्केटमधल्या गाड्यांची रांग दिसली, ज्यांचं नावही माहीत नाही अशी माणसं चहा पिताना दिसली. तुम्ही काय काय सांभाळून ठेवलं होतं! बराच वेळ पाहून तिनं प्रणिताला विचारलं, "बाई, ह्याच्यात मी कुठं हावो?"

प्रणितानं शोधलं. ताईनं सांगितलं, त्या पोळ्याला पाह्य, त्या संक्रांतीला पाह्य. मी इकडून सांगत होतो, जैनथ लिहिलेलं काही आहे का पाह्य. एकच सापडलं. आत्याच्या अंगणातला व्हिडिओ, वांग्याचे वाफे, कोंबड्या, तुमची बडबड, आणि बाजूनं एक हात येतो. चहाचा कप धरलेला. कोपरापर्यंत.

आत्या वाकून पाहत राहिली. "हो, ह्या माह्याच बांगड्या," म्हणाली. मग म्हणाली, "चाललं. हात तं आला."

भाऊजी! अहो, दर सणाला जात होतात. तिच्या हातचा चहा प्यायचात, तिच्याकडून डबी घ्यायचात, तिच्याकडे ठेवायचात. साऱ्या जगाला आडवा धरा, आडवा धरा म्हणून ओरडणारे तुम्ही. जरा वर धरला असता तर काय गेलं असतं तुमचं? काय गेलं तर रडाल ते आधी वेगळं काढा, हे मला शिकवून, तिला कसं विसरलात? का ती कधी जाईल असं वाटलंच नाही तुम्हाला? हे उत्तर मला पाहिजे आणि ते कोणत्याही डबीत नाही.

संध्याकाळच्या बसनं ती परत गेली, उडदाच्या डब्यात पुन्हा डबी घेऊन. या वेळी प्रणितानं शब्द नीट वापरले. आई, मी नाही तर मामा, तिघांपैकी कोणीही आलं तरी द्यायची. आत्या म्हणाली, "तिघांले? बरं. पण येऊन घ्या लागंन. फोनमधून हात काढता येत नाही."

तर मी येईन. सुट्टी कंपनीच्या हातात आहे, कधी ते आज सांगता येत नाही, तुम्हाला खोटं सांगायची सवय नाही मला. पण ज्या दिवशी उतरेन त्या दिवशी तामसीच्या आधी जैनथची बस धरीन. सुमनला सांगून ठेवलं आहे, तिनं हो म्हटलं. आत्या बाजारात बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसेन. ती गिऱ्हाइकाला कशी टाकून बोलते, कोथिंबिरीची जुडी कशी बांधते, वांग्यात मीठ किती घालते, तिचा बाप अमानतीबद्दल काय सांगायचा, सगळं घेईन, तोंडासकट, आडवं धरून. ते आदिलाबादला ठेवीन, तामसीला ठेवीन, आणि एक कॉपी इथं माझ्या उशाशी, मस्कताइतकं परगाव दुसरं कोणतं मिळणार. तिनं माझी पोरगी सांभाळली, मी तिला सांभाळीन. आणि ती बोलत असताना, भाऊजी, मी मधे एक शब्दही बोलणार नाही.